ऑक्सफर्डला गेलात, तर डोडोला भेटून या

ऑक्सफर्डला येणारे बहुतेक जण जुनी कॉलेजं बघतात, फोटो काढतात आणि परततात. हाताशी एकच दुपार असेल, तर ती पार्क्स रोडवरच्या विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला द्या, असं मी आग्रहाने सांगेन. तिकीट नाही. कुणीही यावं, हवा तेवढा वेळ थांबावं.

आत शिरल्या शिरल्या नजर वर जाते. लोखंडी खांबांनी पेललेलं काचेचं छप्पर आणि खाली सांगाड्यांवर पडलेला लख्ख उजेड. १८६० साली उघडलेली ही वास्तू स्वतःच शिकवते. चौकाभोवतीचे दगडी खांब ब्रिटनमधल्या निरनिराळ्या खडकांचे आहेत आणि प्रत्येकावर त्या खडकाचं नाव आहे. खांबांच्या माथ्यावरची पानंफुलं आयरिश कारागिरांनी खरी रोपं समोर ठेवून कोरली. त्याच वर्षी उत्क्रांतीवरून डार्विनसमर्थक जीवशास्त्रज्ञ हक्सली आणि विरोधातले बिशप विल्बरफोर्स यांची गाजलेली खडाजंगी झाली, तीही इथेच.

मी सर्वात जास्त रेंगाळले ती मेगॅलोसॉरसच्या जबड्यापाशी. १८२४ मध्ये भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी याच प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनासोर. ‘डायनासोर’ हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. मागे वळलेला करवती कडेचा दात आणि त्याच्या शेजारी जबड्याच्या हाडातून डोकावणारे नवे दात अगदी स्पष्ट दिसतात. शेजारी एक शाळकरी मुलगी फरशीवर मांडी ठोकून त्याचं चित्र काढत होती. ज्या हाडावर एका शास्त्रशाखेची सुरुवात झाली, ते तिच्यापासून हातभर अंतरावर. विद्यापीठाने लोकांसाठी करायचं काम हेच, असं मला मनापासून वाटतं.

डोडो या नामशेष झालेल्या पक्ष्याचं खरं डोकं मात्र आत जपून ठेवलेलं असतं, बाहेर प्रतिकृती दिसते. डोडोची कातडी आणि मऊ ऊती जगात फक्त इथेच उरल्या आहेत. त्यातल्या डीएनएमुळे कळलं, की त्याचा सर्वात जवळचा हयात नातलग म्हणजे आपल्या निकोबार बेटांवरही आढळणारं निकोबारी कबूतर! २०१८ मध्ये स्कॅन केल्यावर कवटीत शिशाचे छर्रेही सापडले. साडेतीनशे वर्षांहून जुना नमुना अजून नवं काही सांगतो, म्हणून असे संग्रह नीट सांभाळायला हवेत, त्यासाठी पैसा लागला तरी.

जमलं तर मे ते जुलैमध्ये जा. मनोऱ्यात तेव्हा पाकोळ्यांची घरटी असतात; १९४८ पासून त्यांचा अभ्यास चालू आहे. मागच्या दारातून पिट रिव्हर्स या मानववंशशास्त्राच्या संग्रहालयातही जाता येतं, पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.