गार्द द्यु कोरची तलवार: ढालीवरच्या लिली मूळच्या नाहीत

'गार्द द्यु कोर', म्हणजे फ्रेंच राजाचे अंगरक्षक, यांच्या या तलवारीच्या परजेवर (मुठीवर) जिथे जिथे सोन्याचा मुलामा उडाला आहे तिथे तो नव्याने चढवून घेण्याचा बेत मागच्या नोंदीत लिहिला होता. तो आता रद्द समजावा, कारण गेल्या तीन रविवारांत जे हाती लागले त्याने कामाची दिशाच बदलली आहे.

पाते मात्र मनासारखे साफ झाले. पाठीवरची 'मान्युफाक्त्युर रोयाल द्यु क्लिंगेनथाल' ही कारखान्याच्या नावाची ओळ तिरप्या उजेडात सलग वाचता येते, आणि त्यातला 'रोयाल' (राजेशाही) हा शब्द लागला तेव्हा मी कितीतरी वेळ तेच पाहत बसलो. नेपोलियनच्या साम्राज्याच्या काळात हाच कारखाना पात्यांवर 'आंपेरियाल' (साम्राज्याचा) कोरत असे.

सारा वेळ खाल्ला तो मुठीवरच्या छोट्या ढालीने. लिलींच्या, म्हणजे फ्रेंच राजघराण्याचे चिन्ह असलेल्या फुलांच्या, खाचांत काळा थर घट्ट बसला होता आणि आधीच्या कुणीतरी त्यावर पितळेचे पॉलिश फासले होते. त्यातला अमोनिया पितळ खातो आणि भुकटी सोने घासून नेते, तेव्हा मुलाम्याच्या कामात ते कुणीही वापरू नये. स्पिरिटात भिजवलेला कापूस आणि बांबूची तासलेली काडी यांवरच माझा भरवसा आहे. त्या काळी मुलाम्याचे सोने पाऱ्यात कालवून लावत, विस्तवावर पारा उडवत आणि मग अकीक दगडाने घोटत. त्यामुळे ते खाचेच्या तळापर्यंत उतरते. वरच्या मुकुटाच्या प्रत्येक खाचेत ते आहेही. लिलींत मात्र दहापट भिंगाखालीही एक कण सापडला नाही. मुकुट उठावाचा, लिली खोदीव, आणि त्यांच्याभोवती कानशीचे समांतर ओरखडे! मूळच्या लिली घासून काढून तिथे नव्या कोरल्या आहेत.

प्रश्न आता काळाचा आहे. मार्च १८१५ मध्ये नेपोलियन परतल्यावर त्या घासल्या आणि राजा परत आल्यावर पुन्हा कोरल्या असतील, तर ती दुरुस्ती हे तलवारीच्या सेवेचेच अंग आहे. हे राजघराणे पदच्युत करणाऱ्या १८३० च्या जुलै क्रांतीनंतर घासल्या असतील, तर पुढचे कोरीवकाम एखाद्या विक्रेत्याचे असू शकते. हे लिहीत असतानाच सुचले की झीज पाहावी. पंधरा वर्षे कमरेला वागवलेल्या तलवारीचे खोदकाम कोटाला घासून एकाच बाजूने बोथटेल. लगेच भिंग लावले, तर मधल्या पाकळीची बाहेरची कड धारदार आहे आणि आतली, अंगाकडची, गुळगुळीत झाली आहे. पुढच्या शनिवारी मुकुटाच्या कडा याच उजेडात, याच अंतरावरून टिपून दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवीन. तोवर ढालीला हात लावणार नाही.