काराकाला: आठी अखेर बसली

रोमन सम्राट काराकालाचा छोटा अर्धपुतळा घडवतोय. दाढी आणि आखूड कुरळे केस मागेच झाले होते, घोडं अडलं होतं कपाळावर. १:१० मध्ये, म्हणजे खऱ्याच्या एक दशांश मापात, डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत जेमतेम २३ मिमी. संगमरवरात २ मिमी खोल असणारी आठी इथे ०.२ मिमीची होते आणि प्राइमरचा दुसरा हात बसला की बुजते. जास्त खोल कोरली, तर सम्राटाऐवजी पोटात कळ आलेला माणूस दिसतो.

नेपल्सच्या फार्नेसे बस्टचे, म्हणजे काराकालाच्या मूळ संगमरवरी अर्धपुतळ्याचे, फोटो पुन्हा काढून बसलो. मी घडवलेल्या डोक्यावर वरून टॉर्च मारला आणि फरक कळला. मूळ शिल्पातला राग रेषांवर फारसा अवलंबून नाहीच. भुवयांची आतली टोकं खाली ओढलेली आणि पुढे आलेली आहेत, त्यामुळे डोळ्यांच्या कोपऱ्यात सावली साचते. शिवाय मान डाव्या खांद्याकडे झटक्यात वळलेली. मग सगळ्या आठ्या पुट्टीने भरून टाकल्या, दोन्ही भुवयांच्या आतल्या टोकांना अर्धा मिमी भर दिली आणि मधली खाच आपोआप राहू दिली. कोरणी लावलीच नाही! प्राइमरनंतरही महाराज तस्सेच डाफरतायत.

हे सगळं दातांच्या डॉक्टरांच्या जुन्या प्रोबने केलं, टोक घासून बारीक करून. बाजारात मिळणारे ‘स्कल्प्टिंग सेट’ या मापाला निव्वळ फावडी आहेत. पुट्टी मात्र ताजीच घ्या. ऑनलाइन मागवलेला माझा डबा अर्धा घट्ट होऊनच आला.

डोळे बाकी आहेत. काराकालाच्या आधीचा सम्राट हेड्रियन, त्याच्या काळापासून शिल्पात बाहुल्या कोरायची पद्धत रुळली, म्हणून इथे सुटका नाही: १.२ मिमीचं बुबुळ, त्यात ०.३ मिमीचा ड्रिल. त्याही आधीच्या सम्राट ऑगस्टसचे पुतळे करणाऱ्यांची मजा आहे, त्यांना डोळे रंगवायला नुसता ब्रश पुरतो.

पुढचा नंबर हेड्रियनचा होता, पण आता गेटाच करावासा वाटतोय. इ.स. २११ मध्ये काराकालाने या सख्ख्या भावाला मारलं आणि जागोजागी त्याची नावं नि चेहरे खोडायला लावले. बर्लिनच्या संग्रहालयात या कुटुंबाचा एक गोल चित्रफलक आहे, त्यात बाकी सगळे आहेत, एका मुलाचा चेहरा तेवढा पुसलेला. म्हणून डोक्यात आलं: दोघं भाऊ एकाच बैठकीवर, एक डाफरणारा, दुसरा खरवडलेला! पण त्यासाठी आधी गेटाचा चेहरा नीट घडवावा लागणार आणि मग तो बिघडवायचा. वाळलेली पुट्टी खरवडली की माझ्याकडे तरी टवके उडतात. त्यामुळे सिलिकॉनचा साचा काढून गेटा प्लास्टरमध्ये ओतावा म्हणतोय. एवढ्या लहान मापात प्लास्टरचं नाक शाबूत निघतं का? कोणी ओतून पाहिलं असेल तर सांगा.