सायकलिंग शॉर्ट्स: आधी मांडीचे माप

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर पहाटे सायकल चालवणाऱ्या माझ्यासारख्या स्थूल बांध्याच्या स्त्रियांनी शॉर्ट्स घेताना कंबरेइतकाच मांडीचा घेरही मोजावा, कारण मापांच्या तक्त्यांत बहुधा कंबर आणि नितंब एवढेच दिलेले असते. कापड नायलॉन आणि स्पॅन्डेक्सचे घ्यावे. सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओल्या कापडाच्या घर्षणाने मांड्या सोलवटतात. लांबी गुडघ्याच्या जरा वरपर्यंत असली की कापड मांड्यांमध्ये गोळा होत नाही, आणि कंबरपट्टा रुंद व उंच असला की पुढे वाकताना पोटात रुतत नाही.

शॉर्ट्सच्या बैठकीच्या जागी शिवलेला मऊ पॅड जितका जाड तितका आराम अधिक, हा विक्रेत्यांचा लाडका समज मला पटत नाही; बसण्याच्या हाडांखाली नेमका येणारा, दाट आणि मधोमध शिवण नसलेला पॅड लांबच्या फेरीत अधिक सुखाचा ठरतो. या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते (हे आमच्या काकूंना पटवणे मात्र कठीण!). खर्च आटोक्यात ठेवायचा असल्यास पॅड असलेली साधी आतली शॉर्ट्स घेऊन तिच्यावर घरातलीच ट्रॅकपँट घालावी, आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये.