गंधकाचा दर आणि बर्नरची काळजी

दिवसाला 5,000 टन ऊस गाळणाऱ्या साखर कारखान्याला रोज साधारण अडीच टन गंधक लागतं. ते बर्नरमध्ये जाळून सल्फर डायऑक्साइड वायू करायचा आणि उसाचा रस स्वच्छ करायला तो रसात सोडायचा. टनभर उसामागे अर्धा किलो. हंगाम 140 दिवसांचा धरला तर 350 टन. उसाच्या बिलापुढे ही रक्कम किरकोळ, म्हणून खरेदीच्या बैठकीत गंधकाचा फक्त दर बघतात. नेमकी तीच गोष्ट आपल्या हातात नाही.

कारण आज गंधकासाठी म्हणून गंधक जवळजवळ कुणी काढत नाही. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू स्वच्छ करताना ते निघतं. वायूतला हायड्रोजन सल्फाइड वेगळा करायचा, त्याचा एक तृतीयांश भाग जाळून सल्फर डायऑक्साइड करायचा, आणि उरलेल्याशी त्याची उत्प्रेरकावर अभिक्रिया घडवायची: गंधक आणि पाणी तयार. ही क्लॉस पद्धत, पेटंट 1883 चं. अबू धाबीच्या शाह क्षेत्रातल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड 20 टक्क्यांहून जास्त आहे. तिथलं दाणेदार गंधक रुवैस बंदरात न्यायला एतिहाद रेल्वेचा पहिला टप्पा बांधला गेला. मागणी असो वा नसो, वायू काढला की गंधक निघणारच. आणि मागणी वाढली म्हणून त्यासाठी कुणी नवी विहीर खोदत नाही. त्यामुळे भाव झोके खातो. 2008 मध्ये टनाला 800 डॉलरच्या आसपास गेलेला भाव वर्ष संपेपर्यंत 100 च्या खाली आला होता.

मोठे गिऱ्हाईक खतवाले. एक टन गंधकातून सुमारे तीन टन सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि टनभर डीएपी खतामागे साधारण 400 किलो गंधक खर्ची पडतं. मोरोक्को, चीन, भारत आणि अलीकडे निकेलसाठी इंडोनेशिया जहाजांनी माल उचलतात. त्यांच्यापुढे आपले 350 टन कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

हातात आहे तो माल तपासणं आणि बर्नर नीट चालवणं. शुद्धता 99.5 टक्क्यांच्या वर हवी. लॅबमध्ये 10 ग्रॅम नमुना पोर्सेलीनच्या बशीत, फ्यूम हूडखाली पूर्ण जाळा. अवशेष 50 मिलिग्रॅमच्या आत हवा. तळाला काळा चिकट थर राहिला तर मालात डांबरी अंश आहे, गाडी परत पाठवा. हा अंश वितळलेल्या गंधकावर साय धरतो, हवा आत पोचत नाही आणि ज्वाला मंदावते. मग ऑपरेटर हवा वाढवतो, तसा वायू आणखी विरळ होतो आणि रसाचा पीएच (आम्लतेचं माप) हलायला लागतो.

ओलावा त्याहून वाईट. ओलं गंधक किंवा न वाळवलेली हवा आत गेली की थोडं सल्फ्युरिक आम्ल बनतं. पाइपला भोकं पडतात ती दिसतात तरी. न दिसणारं नुकसान पुढे होतं: रसात कॅल्शियम सल्फाइटबरोबर सल्फेटही तयार होतं. सल्फाइट क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे रस निवळायच्या टाकीत, खाली बसतं, सल्फेट बरंचसं विरघळलेलं राहून रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत चिवट थर धरतं. म्हणून हवेच्या वाटेवरच्या ट्रेमधला, हवा वाळवणारा कळीचा चुना फुलून भुकटी झाला की लगेच बदला. उद्यावर ढकलू नका.

तिसरा दोष गॅसच्या पाइपमध्ये दिसतो. पाइप उघडल्यावर आतून पिवळी खपली निघाली तर गंधक न जळताच वाफ होऊन पुढे गेलं आहे. एक तर हवा कमी पडते, किंवा बर्नरच्या जॅकेटचं, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या कवचाचं, पाणी अपुरं आहे. जॅकेट आधी बघा. बहुतेक वेळा तिथे गाळ साचलेला असतो. बर्नरमधून निघालेला वायू झटकन 200 अंशांच्या खाली आणायचा, नाहीतर त्यातला काही भाग सल्फर ट्रायऑक्साइड होतो.

रस 70 ते 75 अंशांवर, त्यात मिल्क ऑफ लाइम (चुन्याचं दुधी पाणी) आणि वायू एकाच वेळी, पीएच 7.0 ते 7.2. खाली गेला तर साखर फुटते, वर गेला तर रंग चढतो. पुढे सिरपला (आटवलेल्या रसाला) हात सैल सोडून वायू देऊ नका. पांढऱ्या साखरेत सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम आहे.

गोदामात पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. गंधक पेटलं तर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, धूळ उडून स्फोट होऊ शकतो. बारीक तुषारांनी, श्वसनयंत्र लावून विझवा.