कडू भोपळ्याच्या वाटेवर

मिरज, शुक्रवार

इचलकरंजीचा अभंगांचा कार्यक्रम काल मध्यरात्रीपर्यंत चालला. ज्यांच्या साथीला मी असतो त्या गायिका बाईंचा तानपुरा सध्या नीट बोलत नाहीये. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, नुसती ठक्‌ वाजते, आस नाही, नाद मागे रेंगाळतच नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा गाडीत असतोच, पण बाई त्याला ‘डबा’ म्हणतात. मग सकाळी थेट मिरजेची सतारमेकर गल्ली, तिथल्या वाद्यं बनवणाऱ्या चाचांकडे.

चाचांनी एकदाच तार छेडली. “जवारी बसलीय.” म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पाठीची घडण बिघडलीय. पुढचा दीडेक तास एकच उद्योग. तारा सैल करायच्या, घोडीची पाठ कानशीने एवढीशी घासायची, तार चढवायची, ऐकायचं, परत सैल. घासलेलं डोळ्यांना दिसतही नव्हतं. शेवटी त्यांनी तारेखाली सुताचा दोरा घालून बोटाने सरकवत नेला, आणि एका जागी आवाज उघडला. खर्जाच्या तारेतूनच आपोआप उठणारा गंधार, म्हणजे ‘ग’, स्वच्छ ऐकू यायला लागला. मी पेटीवाला. माझ्या पेटीतला गंधार त्याच्यापुढे चढाच, जरा उंचच लागतो, हे ठाऊक असलं तरी इतक्या जवळून ऐकणं जरा जिवावर आलं.

चाचांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले आणि ही गल्ली उभी राहिली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मी अभिनंदन केलं तर म्हणाले, “ते झालं हो. पोरं कुठं बसायला तयार आहेत?”

दुपारी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आलो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये दूर मद्रासकडे, प्रवासात, रेल्वे स्टेशनावर वारले. पण दफन इथेच. उरुसात अजून गाणं होतं. आम्हाला कोणी बोलावलेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

सांगली, शनिवार

नाट्यगृह चांगलं, चहा वाईट. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये याच गावात मराठी नाटक उभं केलं, त्यामुळे इथला प्रेक्षक टाळी मोजून देतो असं आमच्या व्यवसायात सगळेच म्हणतात. खोटं नाही. मला मात्र सांगलीची भीती कृष्णाजी बल्लाळ देवलांमुळे वाटते. डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ तारा मोजत बसला आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बावीस बारीक सुरांवर (माझ्या पेटीत बाराच), पुस्तक काढून मोकळा झाला. पुढे क्लेमंट्स नावाच्या गोऱ्या न्यायाधीशाने त्या श्रुतींची पेटीच करवून घेतली. ती चालली नाही, म्हणून माझं पोट चालतंय.

मंगळवेढा, रविवार

गावाच्या अलीकडे ड्रायव्हरने गाडी थांबवली. रस्त्याकडेच्या शेतात भोपळेच भोपळे. वेल वाळून गेलेले, खाली पाचट, त्यावर फळं. मिरजेचे तुंबे, म्हणजे तानपुऱ्याच्या बुडाचे पोकळ भोपळे, येतात ते या भागातून. इतकी वर्षं या रस्त्याने ये-जा करतोय आणि मला वाटायचं, भाजीचे असतील.

शेतकरीमामा हसले. “आवं, कडू हाय त्यो. शेळीबी तोंड लावत न्हाय.” एक वाळलेला उचलून त्यांनी बोटाच्या पेराने वाजवला. आत बिया खुळखुळल्या. दुसरा, जरा लहान, बाजूला काढला. “ह्यो बायकांचा. त्यो मोठा बाप्यांचा.” बाई आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. गायिकेचा आणि गायकाचा तानपुरा इथे शेतातच वेगळा होतो! मामांनी तानपुरा कधी ऐकला नव्हता. ऐकायची फार हौसही दिसली नाही. बुडाला डाग पडला की भाव पडतो, त्यांची काळजी ती.

बाईंनी एक भोपळा मागितला. “न्हाई देता येत, ह्ये मिरजंला ठरल्यात.” त्याऐवजी हुरडा भाजून दिला, वर लसणाची चटणी. उठवेना. हॉलवर पोचेपर्यंत इतका उशीर झाला की साउंडवाल्याने तपासणी न करताच माइक लावले. पहिला अख्खा अभंग माझी पेटी कोणाला ऐकू गेली नाही. बाई म्हणाल्या, छान झाला.