झेपेलिन वेधशाळेत हवेतला पारा मोजायला जाणार असाल तर

हवेतला पारा मोजणाऱ्या जगभरच्या स्टेशनांपैकी एखादं आतून बघायचं खूप दिवस मनात होतं, शेवटी योग आला तो थेट आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांचा. नी-ओलेसुंड, जवळपास ७९ अंश उत्तर, आणि गावामागच्या डोंगरावर ४७५ मीटर उंचीवर झेपेलिन वेधशाळा. भारताचं आर्क्टिक संशोधन केंद्र हिमाद्री पण याच गावात आहे, २००८ पासून.

स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथून छोटं विमान आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचवतं, पण हवा बिघडली की उडतच नाही, त्यामुळे येताना-जाताना दोन्हीकडे मोकळे दिवस हातात ठेवाच. सामानाच्या वजनाचा हिशोब कडक असतो, जड काही न्यायचं असेल तर जहाजाची चौकशी खूप आधी करा. आणि 'रिसर्च इन स्वालबार्ड' पोर्टलवर प्रोजेक्टची नोंद, वेधशाळेत जायची परवानगी, ही कामं निघायच्या कितीतरी महिने आधी उरकायची.

गावात वायफाय-ब्लूटूथ पूर्ण बंद. तिथल्या मोठ्या अँटेना फार लांबच्या क्वेसारांचे (अतिदूरच्या, अतितेजस्वी आकाशगंगांच्या केंद्रांचे) अगदी क्षीण रेडिओ सिग्नल ऐकत असतात, आपल्या घड्याळाचा ब्लूटूथसुद्धा त्यात लुडबूड करतो. म्हणजे वायरचा माऊस, वायरचे इअरफोन, लॅनची केबल आणि लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर अ‍ॅडॉप्टर घेऊन जा. वस्तीबाहेर पाय टाकायचा तर सोबत बंदूक चालवायचं ट्रेनिंग झालेलं माणूस हवं, अस्वलांमुळे.

वर जायला छोटी केबल कार आहे, वारा वाढला की तीही बंद, तेव्हा वर जाताना जास्तीचे कपडे आणि खायला काहीतरी बॅगेत असू द्या.

आता खरं आकर्षण. मशीन दिसायला अगदी साधं, रॅकमधला एक डबा, पण आत सोन्याच्या दोन नळ्या असतात. पारा सोन्याला चिकटतो, त्यामुळे पाच मिनिटं एका नळीतून हवा ओढायची, मग ती तापवून पारा सोडवायचा, आर्गॉनच्या झोतात पुढे ढकलायचा आणि २५३.७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तो किती चमकतो ते मोजायचं, आणि हे चालू असताना दुसरी नळी हवा ओढत असते. उत्तर गोलार्धाच्या स्वच्छ हवेत एका घनमीटरला साधारण दीड नॅनोग्रॅम पारा असतो, म्हणजे त्या पाच मिनिटांत ओढलेल्या पाच लिटर हवेत साडेसात पिकोग्रॅम (नॅनोग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे एक पिकोग्रॅम). एवढंसं काहीतरी हे मशीन वर्षानुवर्षं, दिवसरात्र पकडत राहतं, हे बघून मला खरंच भरून आलं.

तिथं काम करणार असाल तर आधी दोन्ही नळ्यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. ते एकमेकांपासून सरकायला लागले की सोनं खराब होतंय असं समजा, सरासरी काढून झाकू नका. आर्गॉनचा दाब, इनलेटचा फिल्टर, शून्य हवेची (म्हणजे पारा काढून टाकलेल्या हवेची) तपासणी, सगळं तारीख-वेळेसकट वहीत लिहा, कारण दहा वर्षांनी एखादा विचित्र आकडा खरा की खोटा हे ठरवायला ती वहीच लागते.

जायचंच तर वसंतात जा, एप्रिल-मे. ध्रुवावर सूर्य परतला की समुद्रातल्या खारट बर्फातून सुटणारं ब्रोमिन हवेतल्या पाऱ्याचं ऑक्सिडेशन करतं आणि तो बर्फावर उतरतो. एरवी सहा महिने ते वर्षभर हवेत तरंगणारा पारा काही तासांत गायब! हे पहिल्यांदा लक्षात आलं कॅनडाच्या अलर्ट स्टेशनवर, १९९५ मध्ये. आम्ही वर असताना समुद्राकडून वारा वळला आणि स्क्रीनवरची रेघ घनमीटरला १.४ नॅनोग्रॅमवरून उतरत उतरत दुपारपर्यंत ०.२ च्या खाली गेली, खोलीत कोणी बोलेना. उतरलेला बराचसा पारा पुन्हा हवेत जातो, पण काही तिथेच राहतो आणि मासे, सील अशा साखळीत शिरतो, जिथं एकही कोळशाची भट्टी नाही अशा ठिकाणी.

आणि म्हणूनच अशी लांबची स्टेशनं लागतात. २०१५ मध्ये माणसांच्या उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला, सगळ्यात जास्त वाटा छोट्या सोन्याच्या खाणींचा, मग कोळसा. पाऱ्याचं प्रदूषण कमी करायचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे, पण त्याचा उपयोग होतोय का हे चिमणीशेजारी मोजून कळत नाही, त्यासाठी झेपेलिन, अलर्ट, आयर्लंडचं मेस हेड, दक्षिण आफ्रिकेचं केप पॉइंट अशा ठिकाणच्या सलग नोंदी लागतात. दक्षिण गोलार्धात स्टेशनं फार कमी आहेत, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

झेपेलिनला जाणं जमत नसेल तर पॅसिव्ह सॅम्पलरकडे बघा. गंधक लावलेला सक्रिय कोळसा भरलेली छोटी डबी असते, वीज नको, आर्गॉन नको, काही महिने टांगून ठेवायची आणि लॅबला पाठवायची. तासातासाचे चढउतार यात दिसत नाहीत, सरासरीच मिळते. टांगताना पावसापासून आडोसा बघा, झाकण उघडल्याची आणि लावल्याची वेळ लगेच लिहा, आणि एक डबी न उघडता तशीच सोबत ठेवून लॅबला पाठवा, तुलनेला तीच लागते.