जांघेतली कळ आणि मणक्यातला गॅप

केळीची कापणी जोरात असली की भुसावळच्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत सावदा-रावेरकडची माणसं वाढतात. परवा एक घड वाहणारा गडी आला. “ताई, जांघेत कय मारते, गाडीवर टांग टाकता येत नाही मले.” पिशवीत कमरेचा एमआरआय, पट्टा, गोळ्या. कुणी हर्निया म्हणालेलं, कुणी मणक्यात गॅप. आमच्याकडे हा गॅप फार लवकर सापडतो!

मी आधी बोट ठेवून दाखवायला सांगते. कुल्ल्यापासून मागून घोट्यापर्यंत बोट ओढलं तर कमरेची शीर. खुब्याच्या बाहेरच्या हाडावर ठेवलं आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर बहुतेक कुल्ल्याचे स्नायू. खुब्याचा सांधा मात्र पुढे जांघेत दुखतो, कधी नुसता गुडघ्यातच.

याचं बोट जांघेतच होतं. उताणं झोपवून खुबा आत-बाहेर फिरवला, मोकळा निघाला. माझ्या हाताविरुद्ध मांडी उचलायला लावली, तर तीच कळ. म्हणजे सोअस. हा स्नायू कमरेच्या मणक्यांवरून निघून ओटीपोटातून उतरतो आणि मांडीच्या हाडाला आतून बसतो. म्हणून तो कमरेलाही ठणकवतो.

यावर मी तुइना वापरते. ही चिनी माळीश तेलाशिवाय, सुती चादरीवरून. हाताची करंगळीकडची मागची बाजू लाटण्यासारखी लोळवत कुल्ला आणि मांडी मऊ करायची. मग हुआनतियाओ या कुल्ल्यावरच्या चिनी दाबबिंदूवर कोपराचा दाब : बाहेरच्या हाडापासून माकडहाडाच्या खाचेपर्यंत रेघ धरली तर बाहेरचा तिसरा हिस्सा संपतो तिथे. सोअससाठी उताणं झोपवून पोटावरून दाबायचं, जेवल्यावर लगेच नाही. तो श्वास सोडेल तशी बोटं खाली न्यायची, बोटांना नाडीचा ठोका लागला की बाजूला सरकायचं. ऊर्जेच्या वाहिन्या वगैरे मी सांगत नाही, मला त्या पटत नाहीत. हाताची रीत पटते. सोबत एक गुडघा टेकून करायचा ताण, रोज, नाहीतर चार दिवसांत पुन्हा तेच.

पण सातपुड्यातून मजुरीला उतरलेलं पोरगं जांघ धरून लंगडत आलं, की आधी सिकलसेलचं विचारते, तिकडे आढळणारा हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचं रक्त तुटून तो झिजत जातो. दारू आणि फार दिवस घेतलेली स्टेरॉइडं हेच करतात. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये दिसतं. अशाला मी हात लावत नाही. हाडांच्या डॉक्टरकडे धाडते आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिते : एमआरआय खुब्याचा, कमरेचा नव्हे.